खरं सांगण्याचा मोह

चौफुल्याच्या अलीकडं एसटी हळू झाली आणि उघड्या खिडकीतून गुळाचा वास आत आला. नुसता गोड नव्हे. त्यात धूर असतो, वाळत टाकलेल्या चिपाडांचा आंबूसपणा असतो आणि काहिलीत रटरटणाऱ्या रसाची वाफ असते. शिरूरहून दौंडला निघालं, न्हावरा मागं पडलं, भीमेवरचा पूल ओलांडला, की या दिवसांत हा वास रस्त्याच्या दोन्ही अंगांनी सोबत करतो. माझ्या शेजारी बारावीची एक मुलगी बसली होती. मांडीवर पॅड, पॅडला अडकवलेलं हॉलतिकीट, आणि ओठ एकसारखे पुटपुटत. समोरच्या सीटवरच्या आजीबाईंनी मान वळवून विचारलं, "कंचा पेपर गं?"

"केमिस्ट्री," ती डोळे न उघडताच म्हणाली.

"जाईल बग चांगला. घाबरायचं न्हाई."

मला हसू आलं. आम्ही ख्रिस्ती माणसं रोज जी प्रार्थना म्हणतो तिच्यात देवाला एक मागणं असतं, आम्हाला परीक्षेत आणू नकोस असं. लहानपणी मला वाटायचं, ही शाळेचीच परीक्षा. वार्षिक परीक्षा जवळ आली की मी ती ओळ इतक्या जोरात म्हणायची, की वडील एक डोळा उघडून माझ्याकडं बघायचे. परीक्षा म्हणजे मोह, आणि तो कुठल्याही महिन्यात, वेळापत्रक न देता येतो, हे कळायला फार वर्षं जावी लागली. आणि तो गोड वासाचाच असतो असंही नाही.

हे दिवस आमच्या उपवासकाळाचे. भस्म बुधवारपासून ईस्टरपर्यंत. मी वाढले दौंडच्या रेल्वे कॉलनीत. वडील गँगमन. या दिवसांत आमच्या चाळीत प्रत्येक घरात कुणी ना कुणी काहीतरी सोडलेलं असायचं. वडील बिडी सोडायचे आणि दिवसभर बडीशेप चघळायचे. आई मटण सोडायची. तसंही ते महिन्यातून एखाद्या वेळीच शिजायचं. पोरं गोळ्या-बिस्किटं सोडायची. संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थनेला जमलो की बायका एकमेकींना विचारायच्या, "तू काय सोडलंस?" बाहेर इंजिनाची शिट्टी वाजायची, भिंतीवरचा कंदील हलायचा, आणि सोडलेल्या वस्तूंच्या गोष्टी चालायच्या. सोडलेल्या वस्तूविषयी माणूस किती प्रेमानं बोलतो!

मी चहा सोडते. लग्न होऊन शिरूरला आले तेव्हापासून. मी शिवणकाम करते, दुकान घराच्याच पुढच्या खोलीत आहे. मशीनवर बसणाऱ्या बाईला चहा सोडणं म्हणजे काय, ते शिवणाऱ्या बाईलाच विचारावं. दुपारी डोळे जड होतात, सुईत दोरा जात नाही, आणि गल्लीच्या तोंडाच्या टपरीवरून आल्याचा वास येतो. पहिल्या आठवड्यात डोकं ठणकतं. मग सवय होते आणि मनात एक बारीकसा अभिमान उगवतो. आमचे हे रांजणगावच्या कंपनीत आहेत, बोलतात कमी. एकदा ते म्हणाले, "चहा सोडलास ते चांगलंच केलंस. आता चहा सोडल्याचं सांगायचं तेवढं सोड."

त्या वर्षीही मी चहा सोडला होता. त्या वर्षाविषयीच लिहायचं आहे.

पण त्याआधी एस्तेर वहिनींविषयी सांगायला हवं. आमच्या चाळीत शेजारच्या खोलीत याकोबदादा राहायचे, रेल्वेतच होते. त्यांची बायको एस्तेर, म्हणून ती माझी वहिनी. नात्याची नव्हे, भिंतीला भिंत लागून झालेली. माझी करुणा लहान असताना मी माहेरी आले होते. पोरीला ताप भरला आणि तापात झटका आला. डोळे पांढरे झाले, मूठ आवळली. मी नुसती किंचाळत उभी राहिले. वहिनींनी पोर माझ्या हातातून ओढून घेतली आणि अनवाणी रेल्वेच्या दवाखान्याकडं धावल्या. पोर वाचली. तापातला झटका तो, पुन्हा कधी आला नाही. डॉक्टर म्हणाले होते, लहान मुलांना येतो, विसरून जा. आम्ही विसरलो.

वहिनी विसरल्या नव्हत्या. करुणा मोठी झाली, शिकली, पुण्यात एका लॅबमध्ये लागली. स्थळ आलं. मुलगा आवडला, तिलाही आवडला. पाहुणे माहेरच्या मंडळीत चौकशीला गेले तेव्हा वहिनी त्यांना म्हणाल्या, "पोरगी गुणाची हाय. लहानपणी फिट आली होती, तेवढंच." पाहुण्यांनी फोन उचलणं बंद केलं. मध्यस्थीच्या बाईंकडून मला कारण कळलं, तेव्हा मी सरळ दौंड गाठलं आणि वहिनींना दारातूनच विचारलं. त्या भाकरी थापत होत्या. हात पिठाचे. म्हणाल्या, "मी खोटं काय बोलले ताई? इचारलं म्हणून खरं तेच सांगितलं."

मी आले त्या पावली परत फिरले. करुणा म्हणाली, "जाऊ दे आई, जे एका शब्दानं पळाले ते उद्या तापालाही घाबरून पळाले असते." पण रात्री तिच्या खोलीतला दिवा उशिरापर्यंत जळायचा, ते मी बघत होते. मग दौंडच्या देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, मोठ्या सणाला गेले तरी मी वहिनींपासून दूर, दुसऱ्या बाजूच्या बाकावर बसायची. उपासना संपताना सगळे एकमेकांचे हात हातात घेऊन "शांती असो" म्हणतात. मी नेमकी तेव्हा पर्समध्ये रुमाल शोधायची.

आणि गंमत अशी, की वहिनींची लेक प्रेरणा माझ्याच गल्लीत राहायला आली. तिला रांजणगावला नोकरी लागली, कंपनीची बस शिरूरहून सुटायची, म्हणून दोन मैत्रिणींबरोबर खोली घेतली. पहिल्याच रविवारी दुकानाच्या पायरीवर उभी. "सलाम, आत्या." मी आमच्या रीतीचा तो सलाम घेतला, पण बस म्हटलं नाही. ती स्वतःच बसली. मोठ्यांच्या भांडणाशी आपला संबंध नाही असं तिनं मनाशी ठरवूनच टाकलं होतं बहुतेक. आमचे हे स्कूटरवरून पडून पायाला प्लास्टर घालून घरी बसले होते, तेव्हा ही पोरगी शिफ्ट संपवून, तोंडही न धुता, डब्यात भाजी घेऊन यायची. "आत्या, तुम्ही मशीनवर बसा, मामांना मी वाढते."

एका संध्याकाळी ती ब्लाउज न्यायला आली आणि शिवणाच्या चिंध्यांच्या ढिगाशेजारी बसून रडली. कंपनीतला एक मुलगा होता. हिंदू, वडगाव रासाईकडचा, चांगल्या शेतकरी घरातला. दोघांचं लग्नाचं ठरलं होतं, आपसात. त्याच्या घरी कळलं, त्यानं पाय मागं घेतला, नोकरीही बदलली. "मम्मीला सांगू नका आत्या. तिला सोसणार न्हाई." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि कुणाला सांगणार नाही म्हणाले. तेव्हा ते वचन देणं सोपं होतं. ते मोडण्याचा मोह अजून दारात आलेला नव्हता.

तो आला एका दुपारी, चपला नीट काढून, सलाम घालून.

राहुरीकडच्या एक बाई होत्या, गव्हाळ, ठसठशीत, हातात पदराखाली धरलेली पिशवी. बरोबर त्यांचे भाऊ, पांढरी टोपी, खोकत होते. बाई म्हणाल्या, "आमच्या मुलासाठी दौंडच्या याकोबरावांची मुलगी बघितली. मुलगा चाकणला कंपनीत आहे. पसंत आहे सगळं. पण मुलगी इथं तुमच्या गल्लीत राहती म्हणे. घरच्यांना काय इचारायचं, ते चांगलंच सांगणार. म्हटलं, शेजारपाजारच्यांना इचारावं. तुमी विश्वासणाऱ्या घरातल्या. खरं सांगाल."

"आजकाल पोरी कंपनीत जातात," मुलाचे मामा खोकून म्हणाले. "काय कानावर आलं असंल तर सांगा, ताई. पुढं पश्चात्ताप नको."

मी म्हणाले, "चहा टाकते," आणि आत गेले.

पातेल्यात पाणी ठेवलं, आलं ठेचलं, चहापूड टाकली, गूळ टाकला. हात आपोआप चालत होते. आणि मनात, मला आजही सांगताना अंगावर काटा येतो, मनात आनंद झाला होता. गोड, गरम, घट्ट होत जाणारा आनंद. इतक्या वर्षांनी देवानंच पाहुण्यांना माझ्या दारात आणलं, असंही वाटून गेलं. मला काही फार बोलायचंही नव्हतं. वाक्य तयार होतं: "तशी पोरगी चांगली हाय हो, पण…" तो 'पण' म्हणून थांबलं की झालं. पुढचं पाहुणे स्वतःच शोधून काढतील. मी खोटं बोलणार नव्हते. उलट, विचारल्यावर लपवणं हेच खोटं नाही का? त्या बाईही एका मुलाच्या आईच आहेत. त्यांना अंधारात ठेवणं ख्रिस्ती माणसाला शोभतं का?

पाळकसाहेबांनी त्याच आठवड्यात, सैतानानं अरण्यात उपाशी प्रभूला मोहात पाडू पाहिलं त्या परीक्षेवर उपदेश केला होता. ते म्हणाले होते, सैतान प्रभूशी शास्त्रातली वचनंच बोलला हे लक्षात ठेवा. त्याला वचनं पाठ असतात. मी मान डोलावली होती. चहा सोडलेली बाई मान फार छान डोलावते. पण माझ्या स्वयंपाकघरात कुणी वचन बोलत आलं तेव्हा मला ओळखू आलं नाही. मला वाटलं, हा माझाच सद्विवेक.

मी दूध ओतलं. गूळ उकळत असताना दूध ओतलं की ते फाटतं, हे मला लग्नाआधीपासून ठाऊक. दूध फाटलं. पातेल्यात तांबूस पाणी आणि पांढरे गोळे. मी क्षणभर त्याच्याकडं बघत उभी राहिले. मग मोरीत ओतलं, पातेलं घासायला घेतलं, आणि बाहेर ऐकू जावं म्हणून मोठ्यानं म्हणाले, "थांबा हं, जरा उशीर होईल. विचारल्यावर खरं तेच सांगते, पण आधी चहा घ्या."

बोलले आणि पातेलं हातातच राहिलं. 'विचारलं म्हणून खरं तेच सांगितलं.' वाक्य माझं नव्हतंच. ते पिठाचे हात असलेल्या बाईचं होतं. जे वाक्य इतकी वर्षं माझ्या छातीत काट्यासारखं रुतून होतं, ते माझ्याच तोंडून, माझ्याच आवाजात आलं होतं. आणि तेव्हा कुठं मला प्रेरणा आठवली. तोवर ती माझ्या डोक्यात नव्हतीच! मी दगड उचलला होता वहिनीसाठी. तो लागणार होता त्या पोरीला, जी माझ्या घरात डबा घेऊन यायची. माझ्या करुणालाही तो असाच लागला होता. वहिनींना तरी कुणाला मारायचं होतं, देव जाणे.

पाणी सोडून मी नुसती उभी होते. प्रार्थना म्हणावी तर शब्द येईनात. "बापा, तोंड सांभाळ माझं," एवढंच आलं, तेही दात आवळून. मोह गेला असं नाही. तो तिथंच उभा होता, फडताळाला टेकून. फक्त आता त्याचा चेहरा ओळखीचा झाला होता.

दुसऱ्यांदा चहा नीट झाला. कप त्यांच्या हातात दिले आणि मी खाली बसले.

"मला ठाऊक आहे ते सांगते," मी म्हणाले. "आमचे हे अंथरुणाला होते तेव्हा ही पोरगी रोज भाजी घेऊन यायची. आमचं आन् तिच्या आईचं बोलणं न्हाई, तरी यायची. माझ्याकडं मुलगा असता तर मी तिला दुसऱ्या घरी जाऊच दिली नसती."

बाई पुढं सरकल्या. "बोलणं न्हाई? का बरं?"

"ते आमचं आमच्यात. पोरीचा काय संबंध न्हाई त्यात."

"आन् बाकी?" मामांनी कप खाली ठेवला. "बाकी काय असंल तर?"

"बाकी तिलाच विचारा, मामा. मुलाला म्हणावं, तू विचार. ती खोटं बोलणारी न्हाई."

"अवो, मुलीला कसं इचारायचं असं?"

"का? जल्म तिला काढायचाय त्याच्यासंगं."

बाई हसल्या. मोठ्यानं नाही, पण हसल्या. "हे खरं हाय," त्या म्हणाल्या. कप उचलून स्वतः मोरीपर्यंत नेऊन ठेवला आणि सलाम करून गेल्या.

मी दार लोटलं. आपण काही जिंकलो असं मुळीच वाटलं नाही. नगर रोड ओलांडताना कंटेनर अंगाला वारा लावून जातो आणि मागून कुणीतरी आपला हात धरून ओढलेलं असतं, तसं वाटलं. मी मशीनवर बसले आणि कुणाची तरी साधी सरळ शिवण घातली. ती टीप बघत राहिले. इतकी हलकी, इतकी रिकामी मी कितीतरी वर्षांत झाले नव्हते. चहाची आठवणसुद्धा आली नाही.

पुढचे काही दिवस धाकधूक होती. त्या मुलानं विचारलं तर? ती घाबरली तर? मीच तिला खिंडीत लोटलं की काय? रस्त्यावर कांद्याच्या गाड्या जात होत्या, लिंबाची पानं दुकानात उडून येत होती, आणि मी प्रत्येक पावलाच्या आवाजाला मान वर करत होते. मग एका संध्याकाळी ती आली. कंपनीचा निळा शर्ट, खांद्याला सॅक.

"आत्या, तुम्ही त्यांना म्हणालात, मलाच विचारा?"

"व्हय. चुकलं का माझं?"

"त्यानं विचारलं. मी सगळं सांगितलं. पहिल्यापासून."

"मग?"

"त्यानं चहाचा कप बाजूला सरकवला. मला वाटलं, संपलं. मग म्हणाला, मलाही एक मुलगी आवडायची, तिच्या घरी नको म्हणाले. आणि आत्या, मग आम्ही दोघं हसायलाच लागलो. हॉटेलवाला बघायला लागला आमच्याकडं." ती सांगतानाही हसत होती. "घरी गेल्यावर मी मम्मीलाही सांगून टाकलं. ती रडली, पण सोसलं तिला."

मी तिला जवळ ओढली. घामाचा, मशीनच्या तेलाचा, दिवसभराच्या कामाचा वास होता तिला. मला तो फार बरा वाटला.

ईस्टरच्या अलीकडचा रविवार तो झावळ्यांचा, त्याच्या आधी एस्तेर वहिनी आल्या. एकट्या. दौंडहून एसटीनं, उन्हाच्या. दुकानाच्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा मी प्रथम ओळखलंच नाही. केस किती पांढरे झाले होते. हातात कापडाची पिशवी, तिच्यात प्रेरणाच्या लग्नाची पांढरी साडी आणि ब्लाउजपीस.

"ब्लाउज तुमीच शिवायचा, ताई," त्या म्हणाल्या आणि बसल्या. पाणी दिलं ते हातातच धरून ठेवलं. "पाहुणे तुमच्याकडं गेले कळलं तवा मला घास उतरंना. म्हटलं, मी हिच्या लेकीचं केलं ते आता ही माझ्या लेकीचं करणार. आन् करू दे, मी म्हटलं. तिच्या जागी मी असते तर केलं असतं."

जे होतं तेच मी बोलले. "मीही करणारच होते, वहिनी. चहा फाटला."

"काय फाटला?"

मी सगळं सांगितलं. तो 'पण' सुद्धा. त्या ऐकत होत्या आणि त्यांचे डोळे भरत होते, आणि फाटलेल्या दुधाशी गोष्ट आली तेव्हा त्यांना हसूही येत होतं, आणि ते हसू दाबताना पाणी साडीवर सांडलं. "मला जळलं होतं, ताई," त्या म्हणाल्या. "तुमची शिकली, पुण्याला लागली. माझी तवा दोनदा नापास झाली होती. खरं सांगते म्हणून मी माझ्या जळण्यावर पांघरूण घातलं." मग पदरानं तोंड पुसून, खाली बघत विचारलं, "करुणा कशी हाय?"

हा प्रश्न इतक्या वर्षांत त्यांनी विचारला नव्हता. 'आता आठवली का?' हे माझ्या जिभेवर आलं. मी ते गिळलं, फोन लावला आणि त्यांच्या हातात दिला. "तुम्हीच विचारा," म्हणाले आणि बाहेर ओट्यावर जाऊन उभी राहिले.

गल्लीत ऊन पसरलं होतं. समोरच्या घराच्या गच्चीवर कुरडया वाळत होत्या. आतलं काही ऐकू येऊ नये म्हणून मी मुद्दाम शेजारणीशी कुरडयांवर बोलत राहिले. तरी एकदा वहिनींचा हुंदका ऐकू आला, आणि थोड्या वेळानं, माझा विश्वास बसेना, खळखळून हसणं.

आत गेले तेव्हा फोन बंद झाला होता. वहिनी नाक पुसत होत्या. "कसली पोरगी हाय तुमची! मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणती, मामी, ते ऱ्हाऊ द्या, प्रेरणाच्या हळदीला मी एवढी नाचणार हाय, की तुम्हालाच चक्कर येईल."

करुणाचं लग्न अजून झालेलं नाही. ती बरी आहे, आपल्या कामात आहे, आणि त्या हळदीला ती खरंच वेड्यासारखी नाचली. मोडलेलं ते स्थळ परत आलं नाही, येणारही नव्हतं. आता दौंडला गेले की मी वहिनींच्याच बाकावर बसते, आणि कुणाच्या मुलीबद्दल कुणी विचारलं की आम्ही दोघी एकमेकींकडं बघतो.

त्या दिवशी मात्र वहिनी उठायला लागल्या, एसटीची वेळ झाली होती. मी गळ्यातली टेप काढली.

"उभ्या राहा, वहिनी. हात वर करा."

"माझं कशाला? पोरीचा शिवायचाय."

"लेकीच्या लग्नात काय जुना घालणार?"

त्यांनी लहान मुलीसारखे दोन्ही हात वर केले. टेप पाठीमागून पुढं आणायची म्हणजे मला त्यांना कवेत घ्यावंच लागलं. आकडा बघितला, विसरले, आणि पुन्हा माप घेतलं.